गुरुवारची मोजणी

आमच्या वस्तीत कंपनीच्या आवाजाविरुद्ध जो माणूस उभा राहिला, त्याला स्वतःला ऐकू येत नाही. यावरून आमच्या लढ्याची एकूण तयारी लक्षात यावी.

उद्धवराव मूळचे केज तालुक्यातले. विशीत भोसरीला आले आणि एका फोर्जिंगच्या कारखान्यात हॅमरवर लागले. हॅमर म्हणजे हातातला हातोडा नव्हे. दुमजली घराएवढं ते धूड असतं, तापवून लाल केलेल्या लोखंडावर दणादण आपटतं आणि त्यातून गाड्यांचे भाग निघतात. त्या धुडाशेजारी उद्धवराव सत्तावीस वर्षं उभे राहिले. कंपनीत दरवर्षी डॉक्टर यायचे, कान तपासायचे आणि 'ऐकणे उत्तम' असा शेरा मारून जायचे. सत्तावीस वर्षं उत्तमच. निरोप समारंभात साहेबांनी त्यांच्याबद्दल चार गौरवाचे शब्द काढले, तेव्हा हे दुसऱ्यांचं पाहून स्वतःसाठीच टाळ्या वाजवत होते. भेट म्हणून कंपनीनं रेडिओ दिला.

आता माझी ओळख. मी रविराज. आमचं घर इथलं जुनं. आजोबा बाजरी काढायचे, वडलांनी अर्धी जमीन कंपन्यांना दिली आणि उरलेली मी गुंठ्या-गुंठ्यानं विकली. त्यामुळं लोक मला शेठ म्हणतात. पूर्वी ज्याच्याकडं जमीन असायची त्याला मान होता, आता ज्यानं ती विकली त्याला आहे. उद्धवरावांचा दीड गुंठाही मीच विकला. "मागं कंपनीची पक्की भिंत आहे," मी त्यांना म्हणालो होतो, "तेवढाच तुमचा एका बाजूचा खर्च वाचला." माणूस इतका भोळा, की त्यानं माझे आभार मानले.

तेव्हा भिंतीमागं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोडाऊन होतं. उंदीर सोडले तर आवाज कुणाचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी गोडाऊन गेलं आणि तिथं नवी कंपनी आली. तिनं दोन हॅमर बसवले. मागणी वाढली तशी तिसरी पाळी सुरू झाली, म्हणजे रात्री साडेदहापासून सकाळी साडेसहापर्यंत ठोकाठोक. सबंध चाकण पट्ट्याची प्रगती उद्धवरावांच्या न्हाणीघरापासून बारा फुटांवर होऊ लागली.

उद्धवरावांना याचा पत्ताच नव्हता. ते रात्री नऊला भाकरी खायचे, साडेनऊला आडवे व्हायचे आणि पहाटे पाचला उठायचे. त्यांची बायको सुमनताई मात्र रात्रभर जागी. बाई स्वभावानं गरीब. नवऱ्याला उठवून सांगावं, एवढंही तिच्या मनात आलं नाही. चार महिने असेच गेले. एके दिवशी वस्तीच्या नळावर चक्कर येऊन पडली, तेव्हा दवाखाना झाला. रक्तदाब बघून डॉक्टर स्वतःच खुर्चीत नीट बसले. म्हणाले, "गोळ्या देतो, पण खरं औषध झोप आहे. रोज सात तास पाहिजे. असंच चाललं तर मेंदूत काहीतरी होईल, मग मला सांगू नका." डॉक्टर वाकडला चौदाव्या मजल्यावर राहतात. त्यांच्यासाठी हे औषध कुठल्याही दुकानात मिळतं.

मुलगा सार्थकही वाकडलाच असतो, मोठ्या कंपनीत संगणकावर. त्यानं लगेच आईला नेलं. पण त्याचे साहेब अमेरिकेत. पोरगा रात्रभर हॉलमध्ये येरझाऱ्या घालत इंग्रजीत समजूत काढायचा आणि सून, तिचीही नोकरी फोनवरचीच, आतल्या खोलीत तेच हिंदीत करायची. आठ दिवसांत सुमनताई परत आल्या. जाताना पोरानं आईच्या मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं. ते रात्रभर धबधब्याचा आवाज काढतं आणि त्यानं म्हणे माणसाला झोप लागते. आता सुमनताईंना हॅमर आणि धबधबा दोन्ही ऐकू येऊ लागले.

उद्धवरावांना ज्या दिवशी सगळं कळलं, त्या दिवशी ते माझ्याकडं आले. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "शेठ, म्या शेजारी घोरत पडलो, अन् ही चार महिने बसून व्हती. सत्तावीस वर्षं म्या हेच ठोके हानले. कुनाची झोप मोडली असंल, ते बी मला ठावं न्हाई." मी चहा मागवला.

त्या दिवसापासून ज्याला झोप लागत होती तो माणूसही जागू लागला. त्यांची एक पद्धत ठरली. ठोका पडला की सुमनताई नवऱ्याच्या मनगटावर बोट दाबायच्या आणि उद्धवराव वहीत रेघ मारायचे. ऐकणार ती, लिहिणार हा. चाळीस वर्षांच्या संसारात एवढा एकजीव कारभार त्यांनी दुसरा केला नसेल. दोन महिन्यांत दोनशे पानी वही भरली.

ती वही घेऊन आम्ही सरकारी कचेरीत गेलो. आम्ही म्हणजे ते, आणि गाडी माझी म्हणून मी. साहेबांनी वही चाळली, वजन केल्यासारखी हातात धरली आणि विचारलं, "हे ठोके कुणी ऐकले?"

मी उद्धवरावांच्या कानाशी ओरडून प्रश्न पोचवला.

"तिनं," उद्धवराव म्हणाले.

"आणि लिहिले?"

"म्या."

"म्हणजे ज्यांनी ऐकलं त्यांनी लिहिलं नाही आणि ज्यांनी लिहिलं त्यांना ऐकू येत नाही," साहेब म्हणाले. असा निष्कर्ष काढायला मोठी परीक्षा पास व्हावं लागतं. "असं करू, रीतसर मोजणी करून घेऊ."

मोजणीचं काम सरकारनं एका खासगी संस्थेला दिलेलं होतं. त्या संस्थेतर्फे तेजस्विनी नावाची मुलगी आली. मूळची वाईकडची, पिंपळे गुरवला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी, नोकरीला तीन महिने झालेले. पोर कामसू होती. जागा पाहिली, भिंतीपासूनचं अंतर टेपनं मोजलं आणि आम्हाला समजावून सांगितलं. राहत्या वस्तीत रात्रीचा आवाज पंचेचाळीस डेसिबलच्या आत पाहिजे. मशीन रात्री दहा ते सकाळी सहा अंगणात लावायचं. लोकांकडून बावीस प्रश्नांचा फॉर्म भरून घ्यायचा. आणि ज्यांना सगळ्यात जास्त त्रास आहे, त्यांचा जबाब त्याच रात्री, आवाज चालू असताना घ्यायचा. एका तक्रारीला एकच रात्र, कारण मशीन एक आणि तक्रारी तालुकाभर.

"तर काका, कुठला वार ठेवू?" तिनं पाटीवर लिहून विचारलं. उद्धवरावांशी बोलायचं तर ओरडण्यापेक्षा लिहिणं बरं, हे त्या पोरीला पहिल्या दहा मिनिटांत उमगलं होतं. आम्हाला दहा वर्षांत सुचलं नव्हतं.

उद्धवरावांनी क्षणाचाही विचार केला नाही. "बेस्तरवारी या," ते म्हणाले. "समदे घरी असत्यात."

इथं बाहेरच्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या पट्ट्यात रविवार फक्त कॅलेंडरात असतो. कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. विजेच्या हिशेबानं कधीतरी ठरवून दिलेला तो वार आता लोकांच्या हाडात बसला आहे. उद्धवरावांनी सत्तावीस वर्षं जे काही स्वतःचं म्हणून केलं, ते गुरुवारी केलं. पोराला शाळेत घातलं ते गुरुवारी, या घराचा स्लॅब टाकला तो गुरुवारी, सुमनताईंच्या आईला अग्नी दिला तोही, योगायोगानं, गुरुवारी. काम काढायचं म्हणजे गुरुवार. त्यांच्या तोंडून दुसरा वार निघालाच नसता. गुरुवारच्या रात्री वही मिटलेलीच असायची, पण वारांचा हिशेब कुणी लावला नव्हता. बसलेल्या बायाबापड्यांनीही माना डोलावल्या. पोरीला बिचारीला काय माहीत, तिच्या ऑफिसला सुट्टी रविवारची.

मीही तिथंच बसलो होतो. माझे दोन टेम्पो त्याच कंपनीचा माल पोचवतात. गुरुवारी ते दारात उभे असतात आणि ड्रायव्हर त्यांना अंघोळ घालतो. गुरुवार म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर ते ओले टेम्पो आले. सगळं त्याच क्षणी कळलं. हातात चहाचा कप होता. तोंडात आलेला शब्द मी चहाबरोबर गिळला.

तो गुरुवार उजाडला, आणि लग्नघर फिकं पडावं अशी तयारी झाली. मांडववाल्याच्या पन्नास खुर्च्या आल्या. पिठलं, भाकरी, ठेचा. ज्यांचा दत्ताचा उपास त्यांना साबुदाण्याची खिचडी. सुमनताईंनी दुपारपासून भाकऱ्या थापल्या. सगळ्यांना वाढलं, साडेनऊला भांडी विसळली आणि "जरा पाठ टेकते, मॅडमनी हाक मारली की येते" म्हणून आत गेल्या.

तेजस्विनीनं अंगणाच्या मध्यभागी तिपाईवर मशीन लावलं. उद्धवरावांनी स्वतः सगळीकडं फिरून बंदोबस्त केला. टीव्ही बंद, मोबाईल बंद, कुत्री लांब नेऊन बांधलेली, भिशीच्या बायका गप्प. त्यांचं म्हणणं साधं होतं, मशीनला कंपनीचा आवाज नीट ऐकू आला पाहिजे, आपली लुडबुड नको. आमच्या वस्तीत इतकी शांतता आजोबांच्या काळातही नसेल. पन्नास माणसं श्वास रोखून एका पेटीकडं बघत होती आणि पेटीवर बेचाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस असं काहीतरी येत होतं.

उद्धवराव आकड्यांकडं बघायचे, मग आमच्या तोंडांकडं. "लागला का दनका?" ते विचारायचे. लोक मान हलवून नाही म्हणायचे. "भट्टी तापत असंल," ते म्हणायचे. "थंडीचं टाइम लागतो." सत्तावीस वर्षांचा अनुभव, त्यामुळं कुणी शंका घेतली नाही. आणि काही जणांना शंका घ्यायची गरजच नव्हती. माझ्या डावीकडं दिग्विजय बसला होता, त्याच कंपनीच्या कॅन्टीनचा ठेकेदार. तो फॉर्ममध्ये मान खुपसून होता. फॉर्मात प्रश्न होता, 'आत्ता आपणास कारखान्याचा आवाज ऐकू येत आहे काय?' सगळ्यांनी प्रामाणिकपणे 'नाही' लिहिलं. मीही लिहिलं. खोटं एक अक्षर नाही.

पावणेबाराला तेजस्विनीनं खूण केली की आता काकूंचा जबाब घेऊ. उद्धवराव आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत, म्हणून मी आणि ती दारापर्यंत गेलो.

सुमनताई गाढ झोपल्या होत्या. हातपाय धुवायचंही राहून गेलं असावं, कोपरांना पिठाचे पांढरे डाग तसेच होते. तोंड थोडं उघडं, एक पाय पलंगावरून खाली लोंबलेला. उद्धवराव पलंगाजवळ उभे होते. मग त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं पाहिलं.

"आज बेस्तरवार हाय," ते म्हणाले. आपण हळू बोललो, असं त्यांना वाटलं असणार. अंगणातल्या पन्नासही माणसांना ऐकू गेलं. काही जणांनी कपाळाला हात मारला. काही जण, माझ्यासारखे, चपलांकडं बघू लागले.

तेजस्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण डोकं जागेवर होतं. तिनं भराभर पाटीवर लिहिलं. मशीन उद्या तळेगावला जाणार, ते थांबवता येत नाही. पण काकूंना उठवलं आणि इतर सहा रात्री काय होतं ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तर जबाब म्हणून ते धरता येईल. त्यावर पुन्हा मोजणी मागता येईल. एवढा एकच मार्ग आहे. दहा मिनिटं लागतील.

उद्धवरावांनी दोनदा वाचलं. बायकोकडं पाहिलं. त्यांचा हात पुढं गेला, खांद्यापर्यंत पोचला आणि तिथंच थांबला. मग त्यांनी तिचा लोंबता पाय उचलून नीट वर ठेवला.

"मॅडम," ते म्हणाले, "आठ दिसांतून येक रात झोपती ती. तिला झोप येत न्हाई हे लिहून घ्यायला तिचीच झोप मोडायची व्हय?"

असल्या मूर्खपणाला काय म्हणावं? मला त्यांचा संताप आला. दहा मिनिटांचा प्रश्न होता! त्या माणसानं तिला हलवून उठवलं असतं, तर माझं गिळलेलं पचून गेलं असतं. मी तसं म्हणालोही, "अहो उठवा राव, एका दिवसानं काय होतंय." त्यांना ऐकू आलं नाही. तेजस्विनीनं मात्र माझ्याकडं असं पाहिलं की मी बाहेर जाऊन खुर्च्या मोजू लागलो.

अहवाल बावीस दिवसांनी आला. सरकारी कागद इतका सुबक मी पाहिलेला नाही. आवाजाची सरासरी पातळी बेचाळीस डेसिबल, मर्यादेच्या आत. एकूण पन्नास रहिवाशांपैकी आवाज ऐकू येत असल्याचे सांगणारे शून्य. तक्रारदारास श्रवणदोष असल्याने त्यांचे मत विचारात घेतलेले नाही. आणि शेवटी, 'मुख्य बाधित रहिवासी मोजणीच्या वेळी गाढ झोपेत आढळल्या.' सत्तावीस वर्षं 'उत्तम' असलेल्या कानांना श्रवणदोष आहे, हे सरकारदरबारी पहिल्यांदा मान्य झालं, एवढी जमेची बाजू. तेजस्विनीनं गुरुवारच्या सुट्टीबद्दल एक परिच्छेद जोडला होता, असं तिनं फोनवर सांगितलं. वरिष्ठांनी तो 'विषयाशी संबंधित नाही' म्हणून काढला. पुन्हा तक्रार करायची तर वर्षभरानं.

मग उद्धवराव म्हणाले, घर विकू. मी गिऱ्हाईक आणलं, थेरगावचं नवं जोडपं, बाईच्या कडेवर सहा महिन्यांचं लेकरू. मी त्यांना अर्थातच गुरुवारी आणलं. जागा पसंत पडली. तेवढ्यात उद्धवराव म्हणाले, "आज न्हाई. मंगळवारी या, रातभर ऱ्हावा, मंग ठरवा." जोडपं मंगळवारी आलं, मुक्कामाला राहिलं आणि पहाटे चारला लेकराला शालीत गुंडाळून रिक्षा शोधत निघून गेलं. सरकारच्या मशीनला जे जमलं नाही, ते त्या लेकरानं साडेपाच तासांत मोजलं. माझी दलाली गेली ती गेलीच.

हे सगळं मी एका रात्री घरी जेवताना हसत हसत सांगितलं. माझी बायको करिष्मा हसली नाही. भाकरी तव्यावर तशीच ठेवून वळली.

"म्हंजी गुरुवारचं तुमाला आदीच ठावं व्हतं?"

"व्हय," मी म्हणालो.

"आन् बोलला न्हाई?"

"दोन टेम्पो हायत आपलं तिथं."

ती पुन्हा तव्याकडं वळली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन सुमनताईंना घेऊन आली. आमचा बंगला हमरस्त्याच्या पलीकडं, अर्धा किलोमीटर लांब. वरची खोली रिकामीच असते. "रोज रात्री हितं झोपायचं," करिष्मानं त्यांना सांगितलं. "दुसरं कायबी ऐकणार न्हाई मी." मला विचारायची तिला गरज वाटली नाही.

सुमनताई पहिल्या रात्री नऊ तास झोपल्या. पंधरा दिवसांत रक्तदाब उतरला. डॉक्टर म्हणाले, गोळीनं गुण दिला. उद्धवराव रोज नवाला बायकोला आणून सोडायचे आणि सकाळी सहाला न्यायला यायचे. त्यांनाही इथंच राहा म्हटलं, पण घर रिकामं ठेवलं की वायर चोरीला जाते, आणि दुसऱ्याच्या दारात नवरा-बायको दोघांनी कशाला पडायचं, असं त्यांचं म्हणणं. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की आता लाल डोळे त्यांचे असतात. विचारलं तर म्हणाले, "झोप येना, शेठ. शेजारी कुनी न्हाई, तर लईच सुनं लागतं." ज्याला हॅमरनं जाग आली नाही, त्याला बायको शेजारी नाही म्हणून जाग यायला लागली. अशाला काय करायचं?

आणि रोज सकाळी हा माणूस माझे आभार मानायचा. फाटकात उभा राहून, हात जोडून, सबंध आळीला ऐकू जाईल अशा आवाजात. "शेठ, तुमचे उपकार फिटायचे न्हाईत. देवमानूस हाव तुमी." एक दिवस ठीक आहे, दोन दिवस ठीक आहे. महिनाभर सकाळी सहाला हे ऐकून बघा, म्हणजे रात्रीच्या आवाजाची किंमत कळेल.

परवा मंगळवारी मला राहवलं नाही. ते हात जोडत होते. मी म्हणालो, "उद्धवराव, उपकार कसले? तुम्ही गुरुवार म्हणालात तेव्हाच मला माहीत होतं की कंपनी बंद असते. माझ्या टेम्पोंसाठी मी गप्प बसलो."

हे मी साध्या आवाजात म्हणालो. ओरडून सांगायचं धाडस नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ऐकू येणार नाही याच भरवशावर म्हणालो. बोललो, मोकळा झालो, अशी माझी सोय. ते हसले, मान डोलावली आणि म्हणाले, "व्हय व्हय, थंडी पडलीया."

मागं जिन्यावर पाऊल थांबल्याचं मला जाणवलं. वळून पाहिलं तर सुमनताई तिसऱ्या पायरीवर उभ्या होत्या. महिनोन्महिने रात्रीचा एकेक ठोका वेगळा ऐकलेली बाई ती. माझ्याकडं त्यांनी फार वेळ पाहिलं नाही. खाली उतरल्या, करिष्माला हाक मारून अंथरुणाची चादर घडी करून ठेवल्याचं सांगितलं आणि नवऱ्याच्या मनगटाला धरून "चला" म्हणाल्या. फाटकातून जाताना उद्धवरावांनी पुन्हा एकदा मला हात जोडले.

त्या रात्री करिष्मानं साडेदहापर्यंत दार उघडं ठेवलं. तिसरी पाळी सुरू झाली होती, आणि सुमनताई आल्या नाहीत.